ठाकूर पंचांचे डोळे

"खालून वाच," मी म्हटलं. "वरची अक्षरं कुणालाही दिसतात."

बाबा परीक्षेला बसल्यासारखा खुर्चीत ताठ बसला होता. त्याच्या डाव्या डोळ्यावर मी काळा पुठ्ठा धरला होता. तक्त्याची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ त्याने घडाघडा वाचून दाखवली. मग पुठ्ठा उजव्या डोळ्यावर धरला. ओळ पाठ झाली असेल म्हणून या वेळी मी ती उलट्या बाजूने वाचायला लावली. तीही वाचली.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. माझ्याहून चांगलं दिसतंय तुला."

ही एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. पेणच्या बाजारात पेठेकाकांचं चष्म्याचं दुकान होतं, तिथे मी चार वर्षं कामाला होते. नंबर काढायचे, फ्रेमा दाखवायच्या आणि दर मंगळवारी डॉक्टर कारखानीस बाई पनवेलहून यायच्या तेव्हा त्यांच्या हाताखाली राहायचं. तो दिवस शुक्रवारचा होता. आमच्या भागातल्या कबड्डी मंडळाने त्या वर्षी नवीनच टूम काढली होती. पन्नाशीपुढच्या प्रत्येक पंचाने डोळे तपासल्याचा कागद आणून द्यायचा. बाबा बावन्न वर्षांचा. मी दुकानाच्या कागदावर लिहिलं, 'हिराजी पोशा ठाकूर, दोन्ही डोळ्यांची नजर उत्तम.' पेठेकाकांनी न बघता सही ठोकली. बाबाने कागदाची चौघडी करून खिशात घातली. त्यानंतर दारात आमची दोन-चार वाक्यं झाली. ती शेवटी सांगते.

आमच्या आगरी घरांत बापाला अरे-तुरेच करतात, त्यात अनादर नसतो. उलट ठाकूर पंचांची मुलगी म्हणून मी बाजारभर मिरवायची. बाबा मिठागरावर मुकादम होता, पण त्याला ओळखत ते शिट्टीमुळे. सामन्याआधी अनवाणी पायांनी सगळं मैदान फिरून तो फक्कीची रेघ न् रेघ तपासायचा. सामना संपेपर्यंत कुठल्याही संघाच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचा नाही. एकदा सख्ख्या भाच्याला त्याने शेवटच्या चढाईत बाद दिलं होतं. आत्या वर्षभर आमच्याकडे जेवली नाही, तरी बाबा ढिम्म. "दिसला तेच द्यायचा," म्हणायचा. "वाटला ते नाय आणि लोक बोलतात ते तर नायच नाय." आमच्याकडे जमीनजुमला नव्हता. हे एवढं नाव होतं, आणि ते आम्ही सगळे जपायचो.

त्या वर्षी मात्र मी त्याच्यावर सारखी खेकसत होते. ताटाशेजारी ठेवलेला तांब्या तो लवंडायचा. रोजच्याच उंबऱ्याला ठेचकाळायचा. अंगणात वाळत घातलेल्या सुकटीवर खुशाल पाय द्यायचा. गुडघा दुखतो म्हणून सायकल सोडली आणि चालत जायला लागला. शेजारी बसून कुणी काही बोललं तर नुसते डोळे फिरवायचा नाही, सगळी मान वळवायचा. आई म्हणायची वय झालं. मी म्हणायची, वय कसलं, लक्ष ठिकाणावर नसतं. दोन पावलांवरचा तांब्या दिसत नाही आणि मैदानाच्या त्या टोकाला चाललेली कुजबूज बरोबर दिसते!

दुसरी गोष्ट माझ्या लग्नाची. दिवाळीनंतर माझा साखरपुडा झाला होता. मुलगा नवेखारचा, रोहिदास म्हात्रे, त्यांच्या संघाचा कप्तान आणि चढाईपटू. लग्न वैशाखात ठरलं होतं. डोळे तपासले त्यानंतर आठ दिवसांनी, शनिवारी, स्पर्धेचा शेवटचा दिवस, आणि अंतिम सामन्यात नेमका नवेखारचा संघ आला, समोर जुईपाडा. बाबा मंडळाच्या सेक्रेटरीकडे गेला आणि म्हणाला, "मना यातून मोकळा करा. जावई खेलतोय." सेक्रेटरी हसले. "ठाकूर, तुम्ही भाच्याला सोडला नाय, जावयाला सोडणार? तुम्ही असाल तर कुणी तोंड उघडणार नाय." एवढं ऐकल्यावर बाबा काय करणार? मीही म्हटलं, उभा राहा, घाबरतोस काय.

सामना पाच वाजता होता. आम्ही बायका सतरंजीवर, अगदी रेघेपासून चार हातांवर बसलो होतो. माझ्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला होणारी सासू. आमच्याच बाजूच्या रेघेवर बाबा पंच म्हणून उभा. उन्हं उतरली होती, पण उजेड स्वच्छ होता. शेवटचं मिनिट राहिलं तेव्हा गुण एकवीस-एकवीस होते आणि चढाई रोहिदासची.

तो आमच्याच कोपऱ्यात शिरला. जुईपाड्याचा कोपरारक्षक त्याच्यावर झेपावला तसा रोहिदास मागे सरकला, त्याचा उजवा पाय रेघ ओलांडून बाहेर टेकला आणि मग त्याने हात लांबवून रक्षकाच्या खांद्याला बोटं लावली. आधी पाय, मग हात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाय बाबाच्या बुटापासून वीतभर अंतरावर टेकला होता. फक्की पुसली गेली, ती धूळ बाबाच्या पँटवर उडाली.

रोहिदास मधली रेघ ओलांडून परतला, तशी बाबाने शिट्टी वाजवली आणि गुण नवेखारला दिला.

मग जुईपाड्याकडून आरडाओरडा सुरू झाला. "रेषा! रेषा!" त्यांचा कप्तान धावत आला, बाबासमोर वाकला आणि पुसलेल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "पंच, हे काय? हे बघा की!"

बाबाने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "आधी पुसली असंल. पाय बाहेर गेला नाय. मी बघत होतो."

मुख्य पंचाने येऊन विचारलं, "ठाकूर, नक्की?"

"नक्की. दिसला असता तर दिला असता."

रेघ ज्याची, शब्द त्याचा. निकाल कायम राहिला आणि नवेखार एका गुणाने जिंकलं. त्यानंतर मागच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "लग्नाचा आहेर आधीच दिला रे!" सगळं मैदान हसलं. मग तेच सुरू झालं. आहेर, आहेर, आहेर. आईने पदर तोंडावर घेतला. मी रोहिदासकडे पाहिलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं आणि तो हसत नव्हता.

घरी आल्यावर बाबाने शिट्टी खुंटीला अडकवली आणि ओटीवर बसला. मी चूल पेटवायचं सोडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पाय बाहेर होता."

"नाय."

"मी पाहिला. आईने पाहिला. रेघेपासून चार हातांवर बसलो होतो आम्ही."

"मना नाय दिसला, कुंदा."

"कसा नाही दिसला? तुझे डोळे मी तपासलेत! शेवटची ओळ वाचलीस तू, उलटी वाचलीस. वीतभरावरचा पाय दिसत नाही होय तुला? दुसऱ्या कुणाला सांग हे."

आई आतून म्हणाली, "अगं, हळू बोल. शेजारी ऐकतात."

"ऐकू देत. त्यांनी आधीच ऐकलंय. माझ्या नावाने आहेर वाटून आलाय हा! मी मागितला होता का तुझ्याकडे? जिंकला असता नाहीतर हरला असता रोहिदास, मला काय त्याचं? आता जन्मभर लोक म्हणतील, हिच्या लग्नासाठी ठाकूर पंच विकला गेला."

बाबा काहीतरी म्हणणार होता, पण मी त्याला बोलू दिलं नाही. "खोटं बोलतोस तू," असं मी म्हटलं. असं त्याला आयुष्यात कुणी म्हटलं नसेल. त्याने मान खाली घातली आणि मी आत निघून गेले.

दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. रविवारी बाजारात मासळी घ्यायला गेले तर कोळीण म्हणाली, "आहेर पोचला का गं?" सोमवारी सेक्रेटरींचा माणूस येऊन सांगून गेला की पंचांची यादी नव्याने करतोय, तोवर थांबा. बाबा म्हणाला, बरं. संध्याकाळी मी दुकानातून परतले तेव्हा रोहिदास आमच्या ओटीवरून उतरत होता. माझ्याकडे न बघता निघून गेला. मी विचारलं नाही आणि बाबाने सांगितलं नाही.

मंगळवारी दुकानात नेहमीसारखी झुंबड. एका पोराला रांजणवाडी झाली होती, आजीने लसूण चोळून चोळून पापणी भाजून ठेवलेली. डोळे आलेल्या दोघी बहिणी एकाच टॉवेलने डोळे पुसत बसल्या होत्या, त्यांना मी ओरडले. मोतीबिंदूवाले म्हातारे तर दर मंगळवारचे. पिकला का, पिकला का, विचारत यायचे आणि बाई सांगून सांगून थकायच्या की अहो, पिकायची वाट बघायचे दिवस गेले. मी पुढच्या नंबरची चिठ्ठी उचलली आणि त्यावर नाव होतं हिराजी ठाकूर.

बाकावर शेवटी, धुतलेला सदरा घालून तो बसला होता. मी त्याला बाजूला, फ्रेमांच्या कपाटामागे घेऊन गेले.

"कशाला आलास?"

"बाईंना दाखवतो."

"काय दाखवतोस? डोळे चांगले आहेत तुझे, माझ्या अक्षरात लिहून दिलंय. आता आजाराचं निमित्त करून नाव धुऊन काढायचंय होय? लोक काय खुळे आहेत?"

"नंबर लागलाय ना माझा?" तो म्हणाला. "मग जाऊ दे मना आत."

कारखानीस बाई माणूस कडक. गोड बोलणं त्यांना जमायचंच नाही. त्यांनी तक्ता वाचायला लावला, बाबाने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मी भिंतीला टेकून उभी होते. मनात म्हटलं, बघा.

"मग त्रास काय आहे तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"मी कबड्डीचा पंच हाय. शनिवारी एका पोराचा पाय रेघेबाहेर गेला, तो मना दिसला नाय. मना वाटला लोक उगाच बोलतात. पण काल तो पोर सोताहून घरी आला. बोलला, मामा, पाय गेला होता, मी तवा गप बसलो, माफ करा. तो खोटा कशाला बोलंल? त्यात त्याचाच तोटा. म्हंजे पाय गेला होता. मग मना कसा दिसला नाय, ते बघा."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. त्याचा एक डोळा झाकायला सांगितला आणि म्हणाल्या, "माझ्या नाकाकडे बघा. नाकच बघायचं. बाजूने माझं बोट येईल, दिसलं की हो म्हणा."

त्यांनी हात आडवा पसरला आणि बोट हलवत हळूहळू आत आणायला सुरुवात केली. बोट त्यांच्या खांद्यापाशी आलं. बाबा गप्प. कानापाशी आलं. मला वाटलं, याला कळलंच नाही काय करायचं ते. "बाबा, बोट दिसलं की सांगायचं," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "तू बोलू नकोस." बोट गालापाशी आलं तेव्हा बाबा म्हणाला, "हां. आता."

वरून, खालून, दुसऱ्या बाजूने, सगळीकडून तेच. दुसरा डोळा थोडा बरा, पण थोडाच. मग बाईंनी डोळ्यांत थेंब घालून दाब मोजला, बाहुली मोठी करून आत पाहिलं, आणि पाहता पाहता त्यांचं तोंड उतरत गेलं. मी बाबाच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिले.

"मोतीबिंदू का?" बाबाने विचारलं. "काढून टाका मग."

"मोतीबिंदू असता तर बरं झालं असतं. काढला असता, भिंग बसवलं असतं, आठवड्यात चकचकीत दिसलं असतं. हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरत जाते. आधी बाजूची नजर जाते. मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून तक्ता वाचता येतो."

"पण काचबिंदूत डोळा ठणकतो ना?" मी विचारलं. "लाल होतो."

"एका प्रकारात होतो. या प्रकारात काही म्हणजे काही होत नाही. चार वर्षं इथे उभी राहतेस, तक्त्याने फक्त समोरचं मोजतात एवढं तरी कळायला हवं होतं तुला."

मग त्या बाबाकडे वळल्या. गेलेली नजर परत येणार नाही. राहिलेली टिकवायची तर सकाळ-संध्याकाळ थेंब, रोज, जन्मभर, बरं वाटतंय म्हणून एक दिवसही सोडायचे नाहीत. थेंबांनी दाब उतरला नाही तर मग ऑपरेशन. तुमच्या पोरांचेही डोळे तपासायचे, कारण हे घराण्यात उतरतं. बाबा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता.

"आता शिट्टी नाय," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांचा राग उफाळून आला. तो राग रोजचाच होता, उशिरा येणाऱ्या प्रत्येक माणसावरचा. "अहो, इतकी बाजू गेली म्हणजे ठेचा लागत असतील, भांडी लवंडत असतील. वर्ष-दोन वर्षं तरी कळत असेल तुम्हाला. कुणाला सांगितलं नाहीत? मुलगी इथेच कामाला, आणि तिला सुद्धा बोलला नाहीत?"

मी बाबाच्या डाव्या हाताला उभी होते. त्याने सगळी मान वळवली, माझ्याकडे पाहिलं आणि परत बाईंकडे वळला.

"नाय," तो म्हणाला. "कुणालाच बोललो नाय. हिलाही नाय. माझीच हयगय."

"कमाल आहे!" बाई म्हणाल्या आणि थेंबांची नावं लिहायला लागल्या.

दुसऱ्याच दिवशी मी बाईंचा कागद घेऊन सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी तो वाचला, कपाटातून फाईल काढली आणि आधीचा कागद त्याच्याशेजारी ठेवला. 'दोन्ही डोळ्यांची नजर उत्तम.' तारीख सामन्याच्या आदल्या आठवड्यातली, अक्षर माझं. "पोरी," ते म्हणाले, "मी तुझ्या बापाला ओळखतो गं. पण लोकांना यातला कुठला कागद खरा म्हणून दाखवू?" मी त्यांच्याशी तासभर भांडले. टेबलावर हात आपटला. त्या कागदाने उपयोग काहीच झाला नाही. रोहिदास नंतर मंडळात जाऊन चषक परत करून आला, तर लोक म्हणाले, बघा, म्हणजे बाहेर होताच पाय. आहेर हा शब्द बाबाला चिकटला तो चिकटलाच.

लग्न वैशाखातच झालं. बाबाने पुढे पंचवीस वर्षं न चुकता थेंब घातले. नजर होती तिथे राहिली, मरेपर्यंत पेपर वाचायचा. कबड्डीच्या मैदानावर मात्र परत गेला नाही. गेल्या वर्षी तो गेला. मी दर वर्षी जाऊन माझे डोळे तपासून घेते, नुसता तक्ता नाही, बाजूची नजरसुद्धा.

आता ती दारातली दोन-चार वाक्यं.

त्या शुक्रवारी कागद खिशात घातल्यावर बाबा दुकानाच्या पायरीवर थांबला आणि म्हणाला, "कुंदा, मंगळवारी येऊ का? बाईंना पण दाखवतो. समोरचा दिसतो गं, पण बाजूने कोण आला तर कळतच नाय मना. परवा बैल अंगावर आला तरी कळला नाय."

"बाई मंगळवारी पन्नास पेशंट बघतात," मी म्हटलं होतं. "शेवटची ओळ वाचणारा माणूस त्यांच्यासमोर बसवला तर मला बोलतील. चालताना लक्ष ठेवत जा, म्हणजे कळेल."

"बरं," म्हणून तो गेला. तो मंगळवार सामन्याच्या आधीचा होता.

बाईंच्या खोलीत मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा हे सगळं आम्हा दोघांनाही आठवत होतं. दिसलं तेच देणाऱ्या माणसाने तिथे एक निकाल जाणूनबुजून खोटा दिला, आणि तो माझ्यासाठी दिला. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, बाई, यांनी मला सांगितलं होतं. मी गप्प बसले. थेंबांची चिठ्ठी हातात घेतली आणि पुढच्या नंबरला हाक मारली.

पाय बाहेर गेला होता, हे रोहिदासने तिसऱ्या दिवशी येऊन कबूल केलं. मला सव्वीस वर्षं लागली, आणि ऐकायला बाबा राहिला नाही.